अस्त्र सोडण्याची आणि आवरण्याची विद्या

(शस्त्रपूजनाच्या निमित्ताने इगतपुरी येथे एका ज्येष्ठ पत्रकारांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रे पूजली जातात. सैनिक तलवार पूजतो, शेतकरी नांगर पूजतो, सुतार आपली करवत पूजतो. ही पूजा केवळ सामर्थ्याची नसते. हाती आलेल्या सामर्थ्याबरोबर जे दायित्व येते, त्याचेही ते स्मरण असते. आज मला एका नव्या शस्त्राविषयी बोलायचे आहे. ते चालवणारा सैनिक रणांगणावर नसतो. दूर कोठेतरी पडद्यासमोर बसून तो प्रहार करतो. त्या शस्त्राला आपण ड्रोन म्हणतो.

हा विषय इगतपुरीपासून दूरचा नाही. येथून नाशिककडे जाताना देवळाली लागते. तेथील स्कूल ऑफ आर्टिलरीमध्ये आपल्या तोफखान्याचे अधिकारी आणि जवान घडतात. याच तोफखान्यात ड्रोनसज्ज ‘शक्तिबाण’ रेजिमेंट आणि ‘दिव्यास्त्र’ बॅटऱ्या उभ्या राहत असल्याची घोषणा लष्करप्रमुखांनी २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी केली. आपल्याच नागपुरात तयार झालेल्या ‘नागास्त्र-१’ची पहिली खेप २०२४ साली सैन्याच्या हाती पडली. म्हणजे हे अस्त्र आता आपले आहे. म्हणून त्याचा धर्म कोणता, हा प्रश्नही आपलाच आहे.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते. मारेकऱ्यांनी धर्म विचारून, समोर उभे राहून गोळ्या घातल्या. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये भारताने दहशतवाद्यांच्या नऊ तळांवर प्रहार केला. तो न्याय्य होता, आणि त्याविषयी या सभागृहात दुमत असण्याचे कारण नाही. त्यानंतर ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे तीनशे ते चारशे ड्रोन पाठवल्याचे आपल्या सरकारने सांगितले. दुसऱ्या रात्री पंजाबमधील फिरोजपूर जिल्ह्यातल्या एका गावात घरावर ड्रोन कोसळला. एकाच कुटुंबातील तिघे भाजले आणि त्या घरातील गृहिणी पुढे दगावली. ती कोणत्याही सैन्यात नव्हती.

आपल्या प्रहारात नागरिक मेल्याचा दावा पाकिस्तानने केला. शत्रूचे म्हणणे डोळे झाकून स्वीकारावे, असे मी म्हणणार नाही. पण भारताने दिलेले उत्तर लक्षात घ्या. ‘नागरिक मेले तर मेले’ असे भारत म्हणाला नाही. ‘आम्ही दहशतवाद्यांचे तळ निवडले, नागरिक आमचे लक्ष्य नव्हते’ असे भारताने जगाला सांगितले. ही कसोटी आपणच आपल्यासाठी लावून घेतली आहे. यापुढे ती पाळणे हे आपले कर्तव्य ठरते.

ही कसोटी सैल झाली की काय होते, ते अमेरिकेने दाखवले. २००४ पासून पाकिस्तानच्या सीमाभागात त्यांचे ड्रोन हल्ले सुरू झाले. युद्धक्षेत्राबाहेर २००९ ते २०१५ या काळात ४७३ हल्ले झाले आणि त्यांत ६४ ते ११६ नागरिक मारले गेले, असे अमेरिकी सरकारने २०१६ साली सांगितले. स्वतंत्र अभ्यासकांचे आकडे याहून पुष्कळ मोठे होते. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये एका मोटारीवर क्षेपणास्त्र सोडले गेले. दहा नागरिक मेले आणि त्यांत सात मुले होती. प्रारंभी तो हल्ला योग्य असल्याचे सांगण्यात आले. १७ सप्टेंबरला तो भीषण प्रमाद असल्याची कबुली आली. शिक्षा मात्र कोणालाही झाली नाही.

या घटनेतील मर्म पाहा. नेम चुकला नव्हता. ज्या मोटारीवर नेम धरला होता, तीच मोटार उडाली. चूक होती ती त्या मोटारीत कोण आहे, हे ओळखण्यात. ड्रोन तोफगोळ्यापेक्षा अचूक आहे, त्याने आपल्या जवानाचे प्राण वाचतात, हे सारे खरे आहे. दहशतवादी मुद्दाम वस्तीत लपतात, हेही खरे आहे. पण यंत्राची अचूकता म्हणजे विवेकाची अचूकता नव्हे. पडद्यावरची आकृती शत्रू आहे की शेतकरी, याचा निर्णय शेवटी माणसालाच करावा लागतो. आणि प्रहार करणाऱ्याच्या जिवाला धोका नसला की हा निर्णय घाईने होण्याचा संभव वाढतो.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. महाभारतातील सौप्तिक पर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांना रात्री ठार करतो. पुढे तो आणि अर्जुन एकमेकांसमोर ब्रह्मास्त्र सोडतात. ऋषी मध्ये पडतात, तेव्हा अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते आवरता येत नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडते. दोघांचे गुरू एक, अस्त्र एक. अंतर होते ते संयमाचे. व्यासांनी उपसंहाराची विद्या प्रयोगाच्या विद्येहून कठीण मानली, ती याच कारणाने.

शिवछत्रपतींच्या लष्करालाही, मुलूखगिरीवर असताना परमुलखातील बायका-पोरांना धरू नये, असा नियम होता, हे सभासदाने नोंदवले आहे. हा नियम शत्रूच्या मुलखासाठी होता, हे विसरू नये. त्या नियमामुळे स्वराज्य दुर्बल झाले नाही. उलट, स्वराज्याच्या सैन्याला लुटारूंच्या टोळीपासून वेगळेपण मिळाले.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, प्रहाराची चित्रफीत हाती आली की ती करमणूक म्हणून पुढे पाठवू नये. त्या धुराखाली कोण होते, हे आपल्याला ठाऊक नसते. दुसरी गोष्ट, चूक झाल्यास तिची चौकशी व्हावी आणि सत्य देशाला कळावे, हा आग्रह देशभक्तांनीच धरावा. तो शत्रूच्या प्रचारकांवर सोडला, तर आपल्या सैन्याची कीर्ती त्यांच्या हाती जाईल. तिसरी गोष्ट, ज्या अधिकाऱ्याने शंका आल्यावर प्रहार थांबवला, त्याला भित्रा म्हणू नये.

नागपूरच्या नागास्त्राचे एक वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते. लक्ष्य सापडले नाही किंवा मोहीम थांबवावी लागली, तर ते परत बोलावता येते आणि छत्रीच्या आधाराने सुखरूप उतरवता येते. आपल्या अभियंत्यांनी उपसंहाराची सोय त्या अस्त्रातच करून ठेवली आहे. ती वापरण्याचा निर्णय मात्र यंत्र घेणार नाही. तो घेणारी माणसे आपल्या घरांतून आणि शाळांतून सैन्यात जाणार आहेत. त्यांना अर्जुनाची विद्या शिकवून पाठवणे, हे आपल्या हातचे काम आहे.