आत्याचा आजार आणि माझी तपासणी

(रौप्यमहोत्सवी आरोग्य मेळाव्यात एका सभासदाने केलेले भाषण)

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटीत काढली. पार्ट मोजायचा, खराब असला की बाजूला टाकायचा. तरी सेक्रेटरी म्हणाले, कॅन्सरवर तुम्हीच बोला. कारण आमच्या घरात तो तीनदा आला. आत्या बेचाळिसाव्या वर्षी गेली, मग तिची मुलगी, आणि चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला स्तनात गाठ लागली. ती आज पहिल्या रांगेत बसलीय.

शरीरात नव्या पेशी सतत तयार होतात. दर वेळी मूळ ड्रॉइंगची नक्कल निघते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीतच असते. एखादी चूक निसटली तर बहुधा काही होत नाही. पण वर्षानुवर्षं त्या साठल्या की एखादी पेशी 'आता थांब' हा हुकूम जुमानत नाही. तीच वाढून गाठ होते. गाठीतल्या पेशी सुटून रक्तातून, लसिकावाहिन्यांतून काखेत, हाडांत, यकृतात पोचतात. हाडात गेला तरी तो स्तनाचाच कॅन्सर राहतो, हे मला बहिणीच्या वेळी कळलं.

बहुतेकांच्या बाबतीत या चुका जन्मानंतर जमतात. तंबाखूचं काय सांगू, शिफ्ट सुटताना गेटवर चुना मळणारे आपलेच असतात! टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. वसंत खानोलकर तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरचं नातं कित्येक दशकांपूर्वी सांगून गेले. शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांतच दोष आईबापांकडून आलेला असतो. आमच्यात बीआरसीए-२ नावाचं, दुरुस्तीचंच काम करणारं जनुक बिघडलेलं निघालं. म्हणजे वारशाने कॅन्सर येत नाही, दुरुस्तीतला दोष येतो. काहींना तो आयुष्यभर त्रास देत नाही. आमचे वडील एक्याऐंशी वर्षं ठणठणीत जगले, आणि दोष आमच्यापर्यंत आला तो त्यांच्याकडूनच.

बहिणीचा रिपोर्ट आला तेव्हा मी म्हटलं, बायकांचा आजार, माझा काय संबंध? समुपदेशक बाईंनी समजावलं, पुरुषातही हा दोष असतो आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो जाण्याची शक्यता निम्मी. मी रक्त दिलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्या रात्री पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. घरी ठरलं, पोरीचं लग्न जमायचंय, कुठे बोलायचं नाही. आठ महिने गप्प होतो. शेवटी आत्याकडूनच तिला कळलं. "बाबा, माझ्याच रक्ताची गोष्ट, आणि मलाच शेवटी?" एवढंच म्हणाली ती.

तपासणी करायची की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. पुढच्या महिन्यात समुपदेशनाला आम्ही दोघं जातोय. दोष निघालाच तर लहान वयापासून एमआरआयने लक्ष ठेवता येतं. मी स्वतः प्रोस्टेटची तपासणी करून घेतो. हे सगळं इथे बोलायला तिनंच परवानगी दिली.

कुणाच्या घरात पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कुठल्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, आईकडे असो की वडिलांकडे, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि नुसतं बोलायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.