कार्ड ठणठणीत, तरी पडदा काळा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली आणि जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून बघा, असं जो तो सांगू लागला. सल्ला चांगलाच आहे. फक्त आधी एक चौकशी करा: आत ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे?

समजा, एन्व्हिडियाचं जीफोर्स ८ किंवा ९ मालिकेतलं आहे. कार्ड चालवणारा कंपनीचा ३४० क्रमांकाचा ड्रायव्हर बसवला, सगळं झकास चाललं. मग एक अपडेट येतं, मशीन पुन्हा सुरू होतं आणि पडदा काळा! कार्ड जळलं म्हणून दुकान गाठू नका. सुरू होतानाच्या यादीतून आधीचा कर्नल निवडून बघा. बहुतेक वेळा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर येतो.

कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा निघतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक असा, की आपल्या रोजच्या वापरातले प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे मोडता कामा नयेत. ड्रायव्हरना मात्र हे अभय नाही. कर्नलच्या पोटातली फंक्शनं केव्हाही बदलतात. ड्रायव्हर कर्नलच्याच कोडमध्ये असेल, तर बदल करणाऱ्यानेच तोही दुरुस्त करायचा, अशी रीत. बाहेरच्याने आपलं आपण बघावं.

एन्व्हिडियाचा ३४० असाच बाहेरचा. त्याची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०१९मध्ये आली. पुढे मार्च २०२०मध्ये ५.६ कर्नल निघाला, त्यातून ‘आयओरिमॅप-नोकॅश’ हे जुनं फंक्शन काढून टाकलेलं. ड्रायव्हरची भिस्त नेमकी त्यावर. प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधून देणारी डीकेएमएस नावाची सोय असते, पण जे फंक्शनच उरलं नाही ते ती बापडी कुठून आणणार?

तरी या कार्डवाल्यांना सहा वर्षं मिळाली, ती ५.४मुळे. हा नोव्हेंबर २०१९चा दीर्घ मुदतीचा कर्नल. अशा कर्नलमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, आतली मांडणी सहसा हलत नाही. डिसेंबर २०२५मध्ये त्याचीही मुदत सरली. आणि सहा वर्षं यापुढे गृहीत धरू नका. २०२३मध्येच ही मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणायचं जाहीर झालं. सांभाळणारी माणसं मोजकी, जुने कर्नल अनेक. त्यांना बोल लावायला माझी तरी जीभ रेटत नाही.

मग या कार्डांचं काय? कर्नलमधलाच ‘नूवो’ ड्रायव्हर आहे. कार्ड कसं वागतं ते बारकाईने पाहून बाहेरच्या लोकांनी तो उभा केला. खेळांना कमी पडेल. पत्रं लिहायला, बँकेचं काम करायला पुरतो. २०२२मध्ये एन्व्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला खरा, पण ट्युरिंग या बऱ्याच नंतरच्या पिढीपासून पुढच्या कार्डांसाठीच. सेकंडहँड कार्ड घेणार असाल, तर मेमरी किती हे विचारण्याआधी त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का ते बघा. इंटेल आणि एएमडीचे असतात.