दोन शहरांमधलं अमरगोळ



हुबळीहून रेल्वेने धारवाडला निघालात की आधी उणकल, मग अमरगोळ, मग नवलूर. सगळी वाट वीसेक किलोमीटरची. पण तेवढ्यात जमीन पालटते. धारवाड उंचावर, मलनाडच्या म्हणजे डोंगराळ, पावसाळी मुलखाच्या तोंडाशी. हुबळी खाली, आणि तिथून नवलगुंदाकडे जावं तसा पाऊस कमी, माती काळी. धारवाडात उगम पावणारी शाल्मला अरबी समुद्राची वाट धरते. पूर्वेकडचं पाणी बेण्णीहळ्ळातून मलप्रभेला आणि कृष्णेला मिळतं. पाण्याच्या या फाटाफुटीपासून अमरगोळ फार लांब नाही.

इथली वस्ती जुनी. बनशंकरीचं दगडी मंदिर चालुक्य शैलीतलं आहे. माणसं टिकली ती काळ्या रानामुळे. वैशाखात या रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती फुगून मिटते आणि पायातली चप्पल ओढून घेते. ती ओल धरून ठेवते, म्हणून ज्वारी आणि कापूस पिकतो. पण पाऊसच आला नाही तर माती तरी काय करणार? धारवाड जिल्ह्यात 1872 साली सुमारे 9 लाख 88 हजार माणसं होती. मधे मोठा दुष्काळ पडला, आणि 1881च्या शिरगणतीत ती 8 लाख 83 हजारांवर आली. गावोगावची घरं ओस पडली, एवढा त्या आकड्यांचा अर्थ आहे.

पुढे रेल्वे आली आणि हुबळी वाढली. 1901 साली हुबळीत साठ हजार माणसं, धारवाडात एकतीस हजार. 1962 साली दोन्ही मिळून एक महापालिका झाली. 2011ला तिची लोकसंख्या 9 लाख 43 हजारांच्या पुढे गेली. ही वाढ नुसत्या जन्मांची नव्हे. बाहेरून आलेली माणसं त्यात आहेत, आणि हद्दीत आलेली गावंही. अमरगोळ त्यातलंच. शहराच्या बेरजेत गाव गेलं की त्याचा स्वतःचा चढउतार वाचता येत नाही, याची मला खंत वाटते.

शिवाय इथे कृषी बाजार समितीचं मोठं आवार आहे. मिरचीची पोती सुटली की अख्ख्या आवाराला ठसका लागतो. हमाल, अडते, गाडीवान, दूरच्या तालुक्यांतले शेतकरी. दुपारचं अमरगोळ आणि रात्रीचं अमरगोळ यांची मोजदाद एक येणारच नाही. शेजारी नवनगर उभं राहिलं, हमरस्त्यावर जलद बससेवा धावू लागली. शेताच्या जागी घरं आली.

2027च्या जनगणनेत प्रगणक तुमच्या दारी येतील. मूळ गाव कोणतं, इथे कधी आणि कशासाठी आलात, असं विचारलं तर घाईत उत्तर देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्यांना बोलवा, त्यांना विचारून सांगा.