मधमाश्यांच्या घरची बिनपंखी पाहुणी

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माजिवड्यातल्या आमच्या सोसायटीत सातव्या मजल्याच्या छज्जाखाली आग्या मोहोळ लागले होते. लहान मुलांच्या काळजीपोटी पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावले गेले. रात्री फवारणी झाली आणि सकाळी आवारात मेलेल्या माश्यांचा सडा पडला. शेजारचा एक मुलगा पोळ्याचा तुकडा घेऊन माझ्याकडे आला. त्यावर तपकिरी ठिपके हलत होते. त्याने विचारले, "आजोबा, मधमाश्यांना उवा होतात का हो?"

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. भिंग काढून त्याला म्हटले, "आधी पाय मोज." पाय निघाले आठ. म्हणजे तो माइट, कोळी-गोचिडांच्या गोतावळ्यातला. सहा निघाले असते, तर मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो असतो!

कारण 'मधमाशीची ऊ' म्हणून जगभरचे मधपाळ जिला ओळखतात, ती खरे तर ऊ नव्हेच. ती आहे चक्क एक माशी. शास्त्रीय नाव ब्राउला सीका. १८१८ साली हे नामकरण झाले. सीका म्हणजे आंधळी. डोळे अगदी नावापुरते, पंखांचा तर मागमूस नाही. तांबूस तपकिरी रंग, आकार जेमतेम दीड मिलिमीटर. पायांना कंगव्यासारखे दाते असतात आणि त्यांनी ती मधमाशीच्या केसांना घट्ट धरून बसते. भूक लागली की सरकत सरकत तोंडापाशी जाते आणि मधमाशीच्या ओठाला गुदगुल्या करते. मधमाशी बिचारी जीभ बाहेर काढते, आणि जिभेवरचा घास ही पाहुणी मटकावते. त्यातही तिची आवड उंची, राणीमाशीच्या पाठीवर बसायला मिळाले तर उत्तमच. राणीला चांगले चुंगले खायला मिळते ना!

ती रक्त पीत नाही. तिच्या अळ्या मात्र मधाच्या मेणझाकणाखाली बोगदे करतात, त्यामुळे पोळ्याचे रूप बिघडते. एवढाच काय तो उपद्रव. मग हजारो पहारेकरी तिला हाकलत कसे नाहीत? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की तिच्या अंगावरचे मेणासारखे लेपन तिच्या यजमान वसाहतीशी जुळते. जणू घरचाच वास! आणि अलीकडे तिची जनुके तपासली, तेव्हा ती आपल्या पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीच्या कुळातली निघाली.

ही माशी युरोपीय मेलिफेरा मधमाशीची सोबतीण. आपल्याकडची मूळची पेटीत राहणारी मधमाशी म्हणजे सातेरी. त्या सातेरीच्या अंगावर व्हरोआ नावाचा माइट पूर्वापार होता, आणि दोघांचे बरे चालले होते. विसाव्या शतकात माणसाने मेलिफेराच्या पेट्या आशियात आणल्या, तसा हा माइट तिच्यावर चढला आणि जगभर पसरला. वसाहतीच्या वसाहती बसल्या. मग पेट्यांत औषधे आली. औषध होते आठ पायांच्या माइटसाठी, पण त्याने सहा पायांची ही माशीही गेली. पूर्वी मधपाळ तंबाखूचा धूर देऊन तिला खाली पाडत. आता युरोपात अनेक ठिकाणी ती शोधूनही सापडत नाही. पंख टाकून जिने दुसऱ्याच्या घरावर भरवसा ठेवला, तिला पळून जायला जागाच नव्हती.

तुम्ही म्हणाल, याचा माजिवड्याशी काय संबंध? आपल्या आग्या माशीची एक थोरली बहीण हिमालयात कड्यांवर पोळी बांधते. नेपाळमधल्या तिच्या पोळ्यांतून अशाच बिनपंखी, पण आकाराने मोठ्या माश्यांच्या दोन जाती १९८६ साली शास्त्राला कळल्या. म्हणजे पोळे हे नुसते मधाचे गाठोडे नव्हे. आत कोण कोण वस्तीला आहे, याचा हिशेब न करताच आपण फवारा मारतो.

पुढच्या वर्षी त्याच छज्जाखाली पुन्हा मोहोळ लागले. सभेत मी ही हकीकत सांगितली. बरीच वादावादी झाली. एकीला पूर्वी माशी चावून अंग सुजले होते, तिची भीती काही खोटी नव्हती. शेवटी ठरले, की त्या बाजूच्या खिडक्यांना जाळ्या लावायच्या, रात्री गॅलरीतले दिवे बंद ठेवायचे, खाली फटाके-धूर करायचा नाही आणि पावसापर्यंत थांबायचे. आग्या माश्या एका जागी बारा महिने राहत नाहीत. जूनमध्ये आभाळ भरून आले आणि एका सकाळी त्या निघून गेल्या.

रिकामे पोळे त्या मुलाने मागून घेतले. दोन दिवस भिंग त्याच्याकडेच होते. परत देताना म्हणाला, "आजोबा, सहा पायांची एकही नाही सापडली. पुढच्या वर्षी परत बघू."