शेजाऱ्याची ओढ

श्रोतेहो, साहित्याच्या व्यासपीठावर रसायनशास्त्र कशाला, असे तुमच्या मनात आले असेल. महाराष्ट्राबाहेर आपल्या मुलांचे शिक्षण बहुधा दुसऱ्या भाषांत होते. मराठी उरते ती घरापुरती, सणावारापुरती. ज्या भाषेत कोणी कारणे सांगत नाही, ती हळूहळू केवळ जेवायला हाक मारण्याची भाषा होते. म्हणून आज एक कारण मराठीत सांगून पाहतो.

स्वयंपाकघरातले व्हिनेगर घ्या. त्यातले आम्ल ॲसेटिक. त्याच्या रेणूत दोन कार्बन : एकावर तीन हायड्रोजन, दुसऱ्यावर आम्लगट. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनज्ञ ड्यूमा यांनी त्या तिन्ही हायड्रोजनांच्या जागी क्लोरीन बसवले. सांगाडा तोच राहिला, आम्ल मात्र कितीतरी तीव्र झाले. आज डॉक्टर चामखीळ जाळण्यासाठी ते वापरतात.

असे का व्हावे? दोन अणूंमधला बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोडीची भागीदारी. पण ती नेहमी निम्मीनिम्मी नसते. क्लोरीन जोडी आपल्याकडे ओढतो. शेजारच्या कार्बनला चणचण भासते, मग तो पलीकडच्या शेजाऱ्याकडून थोडे ओढून घेतो. अशी ही ओढ आम्लगटापर्यंत पोचते. आम्लाने हायड्रोजन आयन सोडला की मागे ऋण भार उरतो. ओढीमुळे तो एका जागी साचत नाही, विभागला जातो. उरलेला आयन स्थिर होतो आणि हायड्रोजन सोडणे सोपे जाते. यालाच इंडक्टिव्ह इफेक्ट किंवा प्रवर्तन परिणाम म्हणतात.

आम्लाची तीव्रता पीकेए या अंकाने मोजतात. अंक जितका लहान, तितके आम्ल तीव्र. ॲसेटिक आम्लाचा अंक ४.७६; एक क्लोरीन येताच तो सुमारे २.८६ होतो, म्हणजे तीव्रता जवळजवळ ८० पट. उलट मिथिल गट थोडे देणारा शेजारी : फॉर्मिक आम्लाचा अंक ३.७५, तर मिथिल गट आलेल्या ॲसेटिकचा ४.७६.

ही ओढ अंतराने झपाट्याने ओसरते. ब्युटानोइक आम्लाचा अंक ४.८२. क्लोरीन आम्लगटालगतच्या कार्बनवर असेल तर २.८६, एक घर पलीकडे ४.०५, आणखी एक घर पलीकडे ४.५२. तीन घरांतच ओढ जवळपास संपली.

आता पाहा : क्लोरीन, इलेक्ट्रॉन हे शब्द आपण बाहेरून घेतले; पण समजूत पटली ती ओढ, चणचण, शेजार, ओसरणे या घरच्या शब्दांनी. तेव्हा आज घरी गेल्यावर नातवंडाचे विज्ञानाचे पुस्तक, ते कोणत्याही भाषेतले असो, उघडा आणि त्यातले एक ‘का’ त्याला मराठीत विचारा.