एका बेटावरच्या दोन चुली
(महासंघाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



गोष्टीत एक बेट असतं आणि त्या बेटावर दोन तऱ्हेची माणसं राहतात. बोली एकच, पण एकांची रीत दुसऱ्यांना पटत नाही. एकांना दुसऱ्यांचं कालवण सपक लागतं, दुसऱ्यांना त्यांचं तिखटजाळ. नातवंडं विचारतात, आजी हे बेट कुठं आहे? मी सांगते, आपल्या एसटी स्टँडवरून रात्रीची गाडी जाते ना, तिथंच. मुंबईला.

मुंबई मुळात सात बेटांची. आज जिथं गिरगाव आहे ते एक बेट, आणि परळ हे दुसरं. मधे भरतीचं पाणी शिरायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी बांध घालायला सुरुवात झाली, पुढं भराव पडत गेले आणि जमीन एक झाली. माणसं मात्र दोनच राहिली. इकडं गिरगाव, तिकडं लालबाग-परळचं गिरणगाव. नावात एका अक्षराचा फरक, आणि अंतर पाच-सहा किलोमीटर.

गिरगावचा माणूस कारकून, मास्तर, छापखान्यातला नाहीतर दुकानातला. घड्याळ बघून फोर्टात कचेरीला जायचा. चाळीतली खोली लहान, पण बायकोमुलं जवळ. गिरणगावचा माणूस भोंग्यावर उठायचा. तीन पाळ्या. गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस जण, एक पाळी झोपायला आली की दुसरी कामावर. बायको? बायको गावाला. म्हणजे आपली आजी, आपली सासू. आपल्यातल्या कितीतरी जणींचे आजे-सासरे ‘मिलमधे’ होते. मनीऑर्डर यायची, शिमग्याला-गणपतीला माणूस यायचा, तेवढाच संसार.

गणपतीही दोघांचे दोन. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. लालबागचा राजा १९३४ चा, बाजार बंद पडलेल्या कोळणींनी आणि विक्रेत्यांनी जागेसाठी नवस बोलून बसवलेला. मला हा दुसरा जवळचा वाटतो, कारण त्याच्या मुळाशी बायकांच्या टोपल्या आहेत. असो.

हे सगळं मी आज का सांगतेय? आपल्या महासंघाकडं यंदा कर्जाचे जे अर्ज आलेत त्यात दोन धंदे जास्त आहेत. एक पापड-मसाल्याचा, दुसरा डबा-खानावळीचा. कार्यकारिणीत असं ठरत आलंय की दोन्हींना एकच नियम, पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. माझा त्याला विरोध आहे. का, ते या बेटावरच्या दोन चुलींवरून सांगते.

पहिली चूल गिरगावची. १५ मार्च १९५९. लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडं गेली. देणगी कुणाकडं मागायची नाही, तोटा आला तरी नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. बायांनो, आपल्यातल्या ज्या कुरडया-पापडवाल्या ‘पावसाळ्यात धंदा होत नाही’ म्हणून अर्जात चार महिने कोरे सोडतात, त्यांनी ही खाट डोळ्यांपुढं आणावी.

तोच आजचा लिज्जत पापड. सकाळी केंद्रावरून पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून परत द्यायचं, केंद्रावर माल तपासून घेतात, लाटलेल्याचे पैसे मिळतात. मालकीण एकटी कुणी नाही, नफा-तोटा सगळ्या बहिणींचा. आता यातली पैशाची वाट बघा. पीठ आज, पापड उद्या, पैसा लगेच. बाईचा रुपया फार दिवस बाहेर अडकत नाही. आणि हे गिरगावच्या वस्तीत जमलं, कारण घर होतं, गच्ची होती, दुपारची दोन-तीन तास सवड होती, आणि भुलेश्वरचा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर होता.

दुसरी चूल गिरणगावची. तिथं घरदार सोडून आलेला बाप्या होता आणि त्याला दोन वेळा जेवायचं होतं. ज्या थोड्या बायका तिथं होत्या त्यांतल्या पुष्कळ जणी गिरणीतच कामाला असायच्या, वाइंडिंगला, रीळ भरायला. पुढं गिरण्यांतून बायका कमी होत गेल्या. मग नवरा वारलेली, नवऱ्यानं टाकलेली, नाहीतर नवऱ्याच्या पगारात न भागणारी बाई काय करणार? दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ. पहाटे उठून भाकऱ्या, पहिल्या पाळीचा डबा, दुसऱ्या पाळीचं ताट, रात्रपाळीवाला परतला की त्याचं. सुट्टी नाही.

आणि पैसा? महिना भरल्यावर, तोही पगार हातात पडल्यावर. तोवर वाण्याची उधारी, आणि वाणी ऐकेना की मंगळसूत्र गहाण. आजच्या भावात हिशोब करून बघा. समजा २० जण जेवतात आणि माणशी रोज ८० रुपयांचा शिधा-गॅस लागतो. रोजचे झाले १,६०० रुपये. तीस दिवस जेवू घातलं, वर पगाराची दहा दिवस वाट. चाळीस दिवसांत ६४,००० रुपये ताटातून गेले आणि हातात अजून एक रुपया नाही. धंदा तोट्यात नाही बरं का! गिऱ्हाईक आहे, नफा आहे, फक्त पैसा उशिरा आहे. सावकार जगतो तो याच चाळीस दिवसांवर.

हे ज्यांनी नेमकं ओळखलं त्या प्रेमाताई पुरव. गोवामुक्तीच्या लढ्यात गोळी लागलेली बाई, पुढं मुंबईत कामगार चळवळीत आली. संपात कामगारांचा पगार बंद होतो, पण जेवण बंद होत नाही. ते खानावळवालीच्या उधारीवर चालतं. संप लढतो तो युनियनचा म्हणतात, पण त्याचा शिधा ही बाई भरत असते आणि तिचं नाव कुठल्या पत्रकात नसतं. १९७५ साली प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवातीच्या गटात १४ जणी. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ सालीच झालेलं होतं, पण तारण मागितल्यावर या बायका काय देणार? त्या एकमेकींना जामीन राहिल्या. आज आपण गटाचं कर्ज म्हणतो, त्याची ही एक थोरली बहीण.

पुढं १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. माणसं गावाकडं परतली, ती आपल्याकडंच आली, आणि त्यांच्या मागं खानावळीच्या वह्यांत राहिलेली उधारी राहिली. गिरणीची देणी काय मिळायची ती गिरणीच्या कामगाराला. त्याला जेवू घालणारीचं नाव हजेरीपटावर कुठून असणार? गिऱ्हाईक एकाच गिरणीचं असलं म्हणजे गिरणीचं कुलूप आपल्याही दाराला लागतं. आपल्याकडं औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्याच्या भरवशावर डबे सुरू करायचे दोन अर्ज आहेत, त्या ताईंशी मी वेगळं बोलणार आहे.

तर कार्यकारिणीपुढं माझं म्हणणं असं. पापडवालीला हप्ता पुढच्या महिन्यापासून लावा, तिला झेपतो. खानावळवालीला पहिले दोन महिने फक्त व्याज घ्या. नाहीतर आपला पहिला हप्ता भरायला ती सावकाराकडं जाईल, आणि आपल्या वहीत ‘नियमित परतफेड’ असं लिहिलं जाईल.

काही ताई म्हणतील, एकीला सवलत, दुसरीला नाही, हा भेद झाला. गिरगावच्या बाईला गच्ची होती आणि परळच्या बाईला चाळीस दिवसांची उधारी, तेव्हा भेद आपण केलेला नाही, तो आधीच होता.

ठराव जेवणानंतर मांडते. खानावळीचे अर्ज दिलेल्या सगळ्या जणींनी उधारीची वही सोबत घेऊन पुढच्या रांगेत बसावं.