एका कळेचा एकच अर्थ



कामगार संघटनेच्या माणसाने संगणकाच्या कळांवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण छापखान्यात झाले. खिळे जुळवताना हात केसमधल्या नेमक्या घराकडे न पाहता जाई. मालकाने एका रात्रीत घरांची अदलाबदल केली असती, तर मुरलेला कंपोझिटरही दुसऱ्या दिवशी उमेदवार ठरला असता. आज खिळे गेले, संगणक आला. पण बोटांची गोष्ट तीच राहिली आहे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातील भगिनी आमच्याकडे आल्या. बारा वर्षे त्या बिले नोंदवीत होत्या. जुन्या प्रणालीत एफ-10 दाबले की नोंद जतन होई आणि कोरा फॉर्म पुढे येई. नवी प्रणाली आली. तीत तीच कळ काही न विचारता नोंद पुसून कोरा फॉर्म पुढे करी! दुपारी हिशेब लागेना, तेव्हा सकाळभराचे काम गेल्याचे कळले. साहेबांनी निष्काळजीपणाचा मेमो दिला. बारा वर्षे जिला कौशल्य म्हटले, ती सवय एका दिवसात अपराध कशी ठरते?

हे टाळता येते. 1970 च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी मजकूर कापण्याची, उतरवण्याची आणि चिकटवण्याची रीत घडवली. ॲपलच्या 1983 च्या लिसा यंत्रापासून त्यासाठी एक्स, सी, व्ही आणि केलेले परत फिरवण्यासाठी झेड, अशी खालच्या ओळीतली शेजारशेजारची अक्षरे रूढ झाली. आयबीएमच्या 1987 च्या नियमांत शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट, शिफ्ट-इन्सर्ट अशा निराळ्या जोड्या होत्या. पुढे विंडोजने कंट्रोलसह एक्स, सी, व्ही स्वीकारले. पण जुन्या जोड्या मोडल्या नाहीत. नवे आणावे ते असे.

धोक्याची कळ मात्र मुद्दाम अवघड हवी. 1981 च्या आयबीएम पीसीवर डेव्हिड ब्रॅडली यांनी यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी कंट्रोल-आल्ट-डिलीट निवडले, ते एका हाताने चुकून दाबले जाऊ नये म्हणून. आपल्याकडचा इन्स्क्रिप्ट कळफलक पाहा: मराठीचा ‘क’ ज्या कळेवर, त्याच कळेवर बंगालीचा आणि तेलुगूचाही. लिपी बदलली तरी बोटाला नवी वाट शोधावी लागत नाही.

व्यवस्थापनापुढे आम्ही चार मागण्या ठेवल्या. एका कळेचा सर्व पडद्यांवर एकच अर्थ असावा. पुसण्याची कळ जतन करण्याच्या कळेपासून दूर असावी. चूक परत फिरवता यावी. आणि बदल करण्यापूर्वी त्या खुर्चीवर बसणाऱ्याला विचारावे. मेमो मागे घेतला गेला, एफ-10 पूर्ववत झाले, पहिल्या तीन मागण्या मान्य झाल्या. चौथी अजून टेबलावर आहे. कारण तीन मागण्या यंत्राविषयी होत्या, चौथी माणसाविषयी.

या सभेत प्रणाली लिहिणारे तरुण असतील. त्यांना आमची एवढीच विनंती आहे: कळा ठरवण्यापूर्वी एक दिवस त्या भगिनींच्या शेजारी स्टूल टाकून बसा आणि त्यांची बोटे कोठे जातात ते पाहा. त्यांच्या बारा वर्षांच्या मेहनतीचा हिशेब तेथेच लिहिलेला आहे.